शेपटी उजवीकडे

आमच्या प्रयोगशाळेत वेल्डिंगचे नमुने तपासायला येतात. दोन पोलादी तुकडे मधोमध सांधलेले असतात. आम्ही सांध्याच्या मधल्या भागातून पट्ट्या कापतो, त्या प्रेसखाली घोड्याच्या नालासारख्या वाकवतो आणि बाहेरच्या बाजूला भेग पडते का ते बघतो. दोन्ही टोकांचा भाग कापून भंगारात जातो. वेल्डिंग सुरू होतं तिथे आणि संपतं तिथे ते थोडं कच्चं राहणार, हे नियमातच धरलेलं आहे. त्यामुळे टोकांकडे कोणी बघत नाही.

त्या दिवशी करवतीचं पातं तुटलं होतं. नवं येईपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून मी टोकं बघत बसले.

चांगला वेल्डर सांध्याच्या शेवटाला आला की क्षणभर थांबतो, तिथला खळगा भरतो आणि रॉड सरळ वर उचलतो. माझ्या हातातल्या तुकड्यावर मात्र खळग्यातून एक बारीक शेपटी निघाली होती, रॉड वर न उचलता बाजूला ओढल्यासारखी. मी पुढचा तुकडा घेतला. त्यालाही शेपटी. त्याच्या पुढच्यालाही. पेटीत अठरा तुकडे होते, प्रत्येकावर वेगळा नंबर ठोकलेला, आणि प्रत्येकाला तीच शेपटी त्याच बाजूला. अठरा उत्तरपत्रिका उघडाव्यात आणि सगळ्यांत एकच अक्षर दिसावं, तसं झालं.

पेटी सरकारच्या कौशल्य केंद्रातून आली होती. बेरोजगारांना सहा महिने वेल्डिंग शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि पास झालेल्यांना बॉयलरच्या कारखान्यात लावून द्यायचं, अशी ती योजना. केंद्राला अनुदान मिळतं ते पास झालेल्या डोक्यांमागे. असल्या केंद्रांबद्दल आम्ही काय काय ऐकलेलं होतं. कुठे शिवणकामाच्या वर्गात मशीनच नव्हतं, कुठे हजेरीच्या फोटोतली माणसं दर वेळी तीच, फक्त शर्ट बदललेले. तेव्हा एका माणसाने अठरा तुकडे करून पाठवले असतील, ही शंका काही फार लांबची नव्हती.

पण या पेटीतला एक तुकडा माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा होता.

हे मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, "नंबरच असतात हो, नावं कुठे असतात? तुम्हाला तरी कळणार आहे का कुठला तिचा?" ते बरोबर होतं. मला कळणार नव्हतं, निदान तसं तेव्हा वाटलं होतं.

दुपारी नवं पातं बसलं. पट्ट्या कापल्या, वाकवल्या. अठराच्या अठरा पास. एकालाही धड भेग नाही. शिकाऊ मुलांच्या बॅचमध्ये असं होत नाही. दोन-चार तरी तडकतातच. मी कापलेली टोकं भंगारात न टाकता पेटीत परत ठेवली आणि घरी गेले.

धाकटी जेवत होती. तिच्या मनगटांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते, गळ्याशी कातडी उन्हात भाजल्यासारखी लाल झालेली. म्हणजे ती केंद्रात जात होती आणि रॉड हातात धरत होती, यात शंका नव्हती. शंका पुढची होती.

"परीक्षा कशी झाली, ते तू सांगितलंच नाहीस," मी म्हटलं.

"झाली."

"कोण होतं बघायला?"

"एक माणूस आला होता. आमचा फोटो काढला, चहा प्यायला, गेला." तिने मान वर केली नाही. "का गं ताई?"

"सहज."

"तू सहज काही विचारतेस होय?"

आई वाढता वाढता म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणतेय, फुकट शिकवतात आणि वर नोकरी देतात, यात काहीतरी गोम आहे. मोबाइल दुरुस्तीच्या वेळी पण हेच म्हणाले होते."

"आई, तेव्हाची गोष्ट वेगळी."

"आणि पार्लरच्या वेळी? आणि त्या कॉम्प्युटरच्या? सर्टिफिकेटांनी कपाट भरलंय. त्याला आता सांग म्हणावं, नोकरी कर."

धाकटी हसली, पण क्षणभरच. या वर्षानंतर ती योजनेच्या वयात बसणार नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बॉयलर कारखान्याने या वेळी खरोखरच माणसं घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांचा माणूस केंद्रात येऊन हातमोज्यांची मापं घेऊन गेला होता. सर्टिफिकेटच्या आधी मापं घेतलेली ही पहिलीच योजना.

ती पाणी प्यायला उठली. तिने तांब्या डाव्या हाताने उचलला, आणि माझा घास तोंडाशीच थांबला.

धाकटी डावखुरी आहे. उजव्या हाताने काम करणारा माणूस वेल्डिंग डावीकडून उजवीकडे नेतो आणि शेवटी हात आपल्याकडे ओढला, तर शेपटी जायच्या दिशेच्या उजवीकडे पडते. डावखुरा माणूस उलट जातो, आणि तोच हात त्याने आपल्याकडे ओढला, तर शेपटी डावीकडे पडेल. तुकडा कसाही फिरवा, उजवीची डावी होत नाही. डाव्या हाताचा मोजा फिरवून उजव्या हातात बसत नाही, तसंच. आणि पेटीतल्या अठराही शेपट्या उजवीकडे होत्या.

म्हणजे त्या पेटीत डावखुऱ्याचा तुकडाच नव्हता. धाकटीचा तुकडा तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी टोकं साहेबांच्या टेबलावर मांडली आणि शेपट्या दाखवल्या. डावखुरेपणाचं बोलले नाही.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक टोक उचलून पाहिलं. "पट्ट्या पास झाल्यात ना?"

"सगळ्या."

"मग? शेपटीवर नापास करायचा नियम आहे का?"

"नाही. पण सगळे एकाच हाताचे वाटतात. फार चांगले आहेत, सर."

"चांगले आहेत ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकतोय." ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघा, वरून रोज फोन येतोय. किती शिकले, किती पास, किती लागले. आकडे हवेत त्यांना. आणि त्यात तुमची बहीण. तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय मागताय?"

"तपासणाऱ्याला शंका आली, तर समक्ष फेरचाचणी घेता येते."

"येते. जुने तुकडे रद्द, नवे आपल्या डोळ्यांदेखत. आणि दुसऱ्याने करून दिलंय असं दिसलं, तर करून देणारा आणि करून घेणारा दोघंही योजनेतून बाद. कायमचे." त्यांनी चष्मा खाली घेतला. "घ्यायची?"

"घ्यायची," मी म्हटलं.

केंद्र एका जुन्या गोदामात होतं. लोखंडी पत्र्याचे आडोसे करून खण पाडलेले, प्रत्येक खणात एक टेबल, एक मशीन, वर धूर ओढणारा पंखा. पंख्यांपैकी निम्मेच चालू होते. भिंतीवर योजनेचा मोठा फलक होता, त्यावर हसणारा वेल्डर. त्याने हेल्मेट काखेत धरलं होतं आणि त्याचे हात कोऱ्या कपड्यासारखे स्वच्छ होते.

मास्तर दारातच उभे होते. पन्नाशीचे, रुंद, उजवा खांदा थोडा उतरलेला. "या मॅडम. पोरं आमची चोर निघाली म्हणे?"

"शंका आहे, मास्तर. चोर कोणी म्हटलेलं नाही."

"शंका म्हणा नाहीतर काय म्हणा. सकाळपासून एकाच्याही घशाखाली चहा उतरलेला नाही."

शिकाऊ एका रांगेत बसले होते. त्यात धाकटी होती. तिने माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, तसंच ठरलेलं होतं. तिच्या शेजारी एक धिप्पाड तरुण होता, त्याला सगळे 'इंजिन' म्हणत. हेल्मेटखाली काम करताना तो असे सुस्कारे सोडायचा की शेजारच्या खणात ऐकू जायचं.

"ए इंजिन, आज वाफ जरा कमी सोड," कोणीतरी म्हणालं, "मॅडम भाजतील."

कोणी हसलं नाही.

मी काळी काच डोळ्यांवर धरून पहिल्याच्या मागे उभी राहिले. पोरगा किडकिडीत होता, आधी चाचपडला, पण रॉड लागल्यावर स्थिर झाला. सांधा भरत भरत तो शेवटाला आला, थांबला, आणि रॉड वर उचलायच्या ऐवजी त्याने कोपर पोटाकडे ओढलं. वरचा थर ठोकून काढला तेव्हा खाली शेपटी होती. उजवीकडे.

मला वाटलं योगायोग असेल. दुसरीने पण कोपर तसंच ओढलं. तिसऱ्यानेही. चौथ्याच्या वेळी मी काच खाली केली आणि म्हटलं, "रॉड असा बाजूला का ओढता?"

"म्हणजे कसा?" तो गोंधळला. "शेवट असाच करतात ना?"

"कोणी सांगितलं?"

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मी कुठे सांगितलं? मी शिकवतो, सरळ वर उचला."

"सांगता तसं," ती दुसरी म्हणाली, "पण तुम्ही स्वतः असं करता." आणि तिने कोपर पोटाकडे ओढून दाखवलं.

मास्तरांनी उजवा हात खांद्यापासून वर नेऊन दाखवला. तो छातीच्या वर जाईना. "तुळई पडली होती खांद्यावर, कारखान्यात असताना. वर जातच नाही. म्हणून ओढून घेतो." त्यांनी रांगेकडे पाहिलं. "आणि तुम्ही सगळे तेच करता होय? मला वाटायचं, तुम्ही माझी नक्कल करून हसता."

आता मात्र सगळे हसले. मास्तरांचा चेहरा लाल झाला, पण तेही हसायला लागले. मीसुद्धा हसले असेन. त्या क्षणापुरतं मला हलकं वाटलं. अक्षर एकच होतं, कारण गिरवायला पुस्तक एकच होतं. या गोदामात निम्मे पंखे बंद होते, परीक्षक फोटो काढून निघून गेला होता, तरी शिकवणं खरं होतं. इतकं खरं, की मास्तरांचा मोडका खांदासुद्धा अठरा जणांनी शिकून घेतला होता.

अठरा नाही. उलगडा सतरा शेपट्यांचाच झाला होता.

धाकटीचा नंबर आला तेव्हा मला आठवलं. ती डाव्या हातात रॉड धरून उभी राहिली. मी काच डोळ्यांवर धरली. ती उजवीकडून डावीकडे गेली, घाई न करता. ठिणगीचा आवाज एकसारखा, तेल तापल्यावर येतो तसा. शेवटाला थांबली, खळगा भरला, कोपर पोटाशी ओढलं. तिने वरचा थर ठोकला, ब्रश मारला. शेपटी डावीकडे होती.

तिने तुकड्यावर आपला नंबर ठोकला. मी बरोबर आणलेल्या पेटीतून त्याच नंबराचं जुनं टोक काढलं. त्याची शेपटी उजवीकडे होती. मी दोन्ही तिच्यासमोर टेबलावर ठेवली. मागे कोणाला काही दिसलं नाही. तिला दिसलं.

"बाहेर ये," मी म्हटलं.

गोदामामागे गॅसच्या रिकाम्या टाक्या साखळीने बांधून ठेवल्या होत्या. ती त्यांना टेकून उभी राहिली.

"कोणी करून दिला?"

"इंजिनने. प्रत्येकाला एक जादा जोड मिळाला होता ना, त्यात केला त्याने. त्याला काही बोलू नकोस. मी गळ घातली."

"पण का? तुझा आत्ताचा सांधा मी पाहिला. तुला येतंय की."

"येतंय."

"मग?"

"मग काय मग? अख्ख्या बॅचमध्ये डावरी मी एकटी. माझा तुकडा तुला पेटी उघडल्याबरोबर ओळखू आला असता." तिने हातमोजा काढून टाकीवर आपटला. "नंबर कशाला, वेल्डिंगची रेघच सांगते."

"ओळखू आला असता तर काय झालं असतं? मी काय तुला मुद्दाम नापास करणार होते?"

"नाही गं. नापास नसतं केलंस. पण बाकीच्यांचे तू एकदा तपासले असतेस आणि माझा दोनदा. बारीक भेग असती, तर बाकीच्यांना चालली असती आणि माझ्या वेळी तू भिंग काढलं असतंस. कोणी बोट दाखवू नये म्हणून. खोटं आहे का, सांग."

खोटं नव्हतं.

"माझी ही शेवटची संधी आहे, ताई. ती मला तुझ्या भिंगाखाली नको होती."

आतून कोणीतरी मास्तरांच्या खांद्यावरून काहीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू उठलं. धाकटीने तिकडे पाहिलं. "सांगणार आहेस?"

"माहीत नाही," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं.

नवे तुकडे प्रयोगशाळेत आले. ते प्रेसखाली जायच्या आधी मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डावखुरेपण, शेपटी, माझी बहीण, आणि करून देणारा दुसरा कोणी. त्याचं नाव मात्र मी घेतलं नाही. पट्ट्या दुसऱ्या कोणीतरी वाकवाव्यात, असंही सांगितलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "बाकी सतरा ठीक?"

"ठीक. मास्तरांची सवय आहे, बाकी काही नाही."

"मग बघा. फेरचाचणी घेतली त्या क्षणी जुने तुकडे रद्द झाले. रद्द तुकड्यावर गुन्हा कसा लागेल?"

"पण सर, घडलं तर..."

"काय घडलं? मी तर काही ऐकलं नाही." त्यांनी टोपण लावलं. "पट्ट्या मी दुसऱ्याला देतो. तुम्ही घरी जा."

ते माणुसकीने बोलले की आकड्यांसाठी, हे मी त्यांच्या तोंडावर शोधत राहिले. काही दिसलं नाही. घरी जाताना वाटलं, आपण सांगून मोकळ्या झालो. पण मोकळं वाटत नव्हतं.

निकाल लागला. धाकटीची पट्टी वाकली, कडेला केसाएवढी भेग, नियमात बसणारी. ती पास झाली. दोन जणांच्या पट्ट्या तडकल्या. त्यातली एक इंजिनची होती.

त्याच्या हाताचे जुने दोन तुकडे, त्याचा आणि धाकटीच्या नंबराचा, मी स्वतः वाकवले होते. दोन्ही निर्दोष होते. माझ्या डोळ्यांदेखत करताना मात्र त्याच्या सांध्यात वाळूच्या कणासारखा मळ अडकून राहिला होता. तो का घाबरला होता, हे फेरचाचणीच्या दिवशी आम्हा तिघांनाच माहीत होतं.

बॉयलर कारखाना शहराबाहेर होता, राहायला खोल्या तिथेच. धाकटी बॅग भरत होती. मी दारात उभी राहिले.

"साहेबांना सांगितलंस ना?" तिने कपड्यांची घडी मोडून पुन्हा घातली.

"हो. निकालाच्या आधी."

"माहीत होतं मला." तिचा आवाज चढला नाही. "त्याचं नाव घेतलंस?"

"नाही."

"तसाही गेलाच तो."

"पुढच्या बॅचला बसेल. त्याच्या वयाची अडचण नाही."

"तू ती टोकं गुपचूप भंगारात टाकली असतीस, तर तो आत्ता माझ्याबरोबर बॅग भरत असता."

"आणि तू त्याला गळ घातली नसतीस, तर त्याचा हात थरथरला नसता."

आतल्या खोलीत आई कोणाला तरी फोनवर सांगत होती, की कारखान्याचं पत्र आलंय खरं, पण त्यावरचा शिक्का जरा पुसट आहे.

धाकटीने बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली, तिने परत मागे घेतली, परत ओढली. "त्याचा तुकडा पुढच्या वेळी तुझ्याकडेच येईल."

"नंबर असेल. नाव नसेल."

"तुला कळेल. त्याच्या रेघेत जागोजागी दम घेतलेला दिसतो, तू बघितलं असशीलच." ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "कळल्यावर काय करशील?"

मी विचार केला. तिला खरं उत्तर द्यायचं होतं, आणि खरं काय ते मला शोधावं लागत होतं.

"टोकं न बघता कापीन," मी म्हटलं. "आणि वाकवीन."

"एकदाच?"

"एकदाच."

तिने मान हलवली. विश्वास बसला म्हणून, की बस आली असेल म्हणून, ते कळलं नाही. बॅग उचलून ती आईच्या पाया पडायला आत गेली.